‘आर’ एकटा बरा, शब्दात गेला की ‘एन’

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी तिसरीत. दुसरीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, यंदा बेळगावात इंग्रजी माध्यमाला घातली. तिथं कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून लिहिणं, सक्तीचं. बाकीची अक्षरं दोन महिन्यांत बसली, स्मॉल ‘आर’ तेवढा बसेना. वहीवर लाल शेरा येतो: ‘आर सुधारा’. ताईंनी घरी आख्खी चाररेघी वही ‘आर’ने भरून घेतली. त्या वहीतला ‘आर’ देखणा, पण शब्दात गेला की ‘एन’सारखा दिसतो. आता त्या विचारतात, आणखी एक वही भरून घेऊ का? रोज किती पानं? मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या एकदम आल्या म्हणून पोरीचा गोंधळ होतोय का? आणि नाहीच जमलं तर कर्सिव्ह सोडून द्यावं का?

ताई, नमस्कार. दुसरी वही आणू नका. आणली असेल तर गणिताला वापरा.

मी ३१ वर्षं बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्तीनंतर घरीच अक्षराचा छोटा वर्ग घेतो. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. एकटा ‘आर’ देखणा येतो म्हणजे आकार तिला कळलाय, हातही त्याला वळलाय. मग शब्दात काय होतं? शब्दात ‘आर’ बिघडायच्या आधीच काहीतरी बिघडलेलं असतं. दोष मागच्या अक्षराच्या शेपटीत असतो आणि लाल शेरा बिचाऱ्या ‘आर’वर बसतो.

खात्री करून घ्या. तिची शाळेची वही काढा आणि ‘आर’ असलेले शब्द दोन गटांत लावा. ‘कार’, ‘हर’, ‘गर्ल’, ‘ट्री’ एका बाजूला. ‘फॉर’, ‘वर्ड’, ‘मोर’, ‘ब्राउन’, ‘राइट’ म्हणजे ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा, हे दुसऱ्या बाजूला. बहुतेक पहिला गट बरा निघेल आणि दुसरा पार बिघडलेला. तसं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. दोन्ही गट सारखेच वाईट असतील तर गोष्ट वेगळी, त्याचं शेवटाकडं सांगतो.

आधी या ‘आर’ची घडण बघू. चाररेघी वहीत मधल्या दोन रेघांमध्ये त्याचं घर. पेन्सिल खालच्या रेघेवरून तिरकी वर चढते, वरच्या रेघेला टेकते, तिथं मोहरीएवढी गाठ घेते, मग उजवीकडं एक छोटा उतरता खांदा काढते, खांद्याच्या टोकावरून खाली येते आणि खालच्या रेघेवर वळून पुढच्या अक्षराकडं निघते. यात महत्त्वाचा कोण? खांदा. खांदा काढलाच नाही तर ते बिनटिंबाचं ‘आय’ होतं. खांद्यावरून उतरताना रेघ पोटासारखी फुगवून मागं डावीकडं नेली तर ‘एस’ होतो. आणि खांदा कोपरा न ठेवता गोल केला तर एक डोंगर तयार होतो. हा डोंगर लक्षात ठेवा.

कर्सिव्हमध्ये ‘एन’ म्हणजे दोन डोंगर आणि ‘एम’ म्हणजे तीन. पोरं हे बोटांवर मोजतात, तुम्हीही मोजा. आता तुमच्या मुलीच्या हाताचं काय होत असेल ते सांगतो. वहीभर तिनं ‘आर’ कसा काढला? प्रत्येक वेळी खालच्या रेघेवरून सुरू करून. शंभर वेळा, पाचशे वेळा. हाताला पक्कं वळण लागलं की ‘आर’ खालून सुरू होतो. मग ‘फॉर’ लिहायची वेळ आली. ‘एफ’ झाला, ‘ओ’ झाला. ‘ओ’ संपतो कुठं? वर, वरच्या रेघेपाशी. आणि हात म्हणतो, ‘आर’ तर खालून सुरू करायचा असतो. मग ती ‘ओ’ची शेपटी ओढून खालच्या रेघेला आणते, तिथून परत वर चढते आणि शिकलेला ‘आर’ काढते. शेपटी खाली आणताना झाला एक डोंगर, ‘आर’चा खांदा जरा घाईत गोल झाला तर दुसरा डोंगर. दोन डोंगर म्हणजे ‘एन’. मुलगी मनात ‘आर’च लिहिते आहे, वाचणाऱ्याला ‘एन’ दिसतो. तिला विचारलंत तर ती आपल्या बेळगावी थाटात सांगेल, “मी तर आरच लिहिलो की!” आणि तिचं खरंच असतं.

बरं, नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ‘ओ’ची शेपटी खाली आली की ‘ओ’सुद्धा ‘ओ’ राहत नाही, ‘ए’ होतो. बंद गोल आणि उजवीकडं खाली उतरणारी रेघ, म्हणजे पहिल्या अक्षराचा स्मॉल ‘ए’च तो. एका चुकीत दोन अक्षरं गेली.

याची किंमत मी माझ्या वर्गात पाहिली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलानं स्वतःच्या हातानं एक इंग्रजी अर्ज भरला. आडनाव मोरे. एका कार्यालयात तो अर्ज टाईप झाला आणि कागद आला तो ‘माने’ नावाचा. बापानं चार खेपा घातल्या, प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हा कुठं पोरगा परत मोरे झाला. मी तो मूळ अर्ज नंतर पाहिला. टाईप करणाऱ्याला दोष देता येईना. ‘एम’नंतर स्पष्ट ‘ए’, मग स्पष्ट ‘एन’, मग ‘ई’. मोऱ्यांचा माने मीच केला होता, कारण त्या पोराला ‘आर’ची पानं भरायला लावणारा आणि प्रत्येक पानावर ‘छान’ लिहिणारा मीच. तुमच्या वहीचं ऐकून मला तेच पान आठवलं.

आता नेमका नियम. कर्सिव्हच्या स्मॉल अक्षरांत चारच अक्षरं अशी आहेत जी वर संपतात: ‘बी’, ‘ओ’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’. बाकी सगळी खालच्या रेघेकडून पुढच्या अक्षराला हात देतात. या चौघांच्या मागून येणाऱ्या अक्षराला वरूनच सुरुवात करावी लागते. ‘ओ’नंतर ‘एन’ आला, ‘एम’ आला तरी निभावतं, कारण त्यांची सुरुवात तशीही वरून वळून येते. ‘ओ’नंतर ‘ई’ आणि ‘एस’ही त्रास देतात. पण सगळ्यात जास्त मार खातो ‘आर’, कारण त्याची ओळखच वरच्या रेघेवर आहे. गाठ आणि खांदा दोन्ही तिथं, आणि नेमकी तिथंच गर्दी होते.

मुलांना मी कपडे वाळत घालायच्या दोरीचं सांगतो. ‘ओ’ हा एक खांब, ‘आर’ची गाठ हा दुसरा. दोघांत दोरी बांधायची. दोरी ताठ नसते, मधे जराशी लोंबते. पण जमिनीला टेकली तर कपडे मळतील! म्हणजे ‘ओ’च्या डोक्यावरून निघायचं, वरच्या रेघेच्या थोडं खाली लोंबायचं, लगेच उचलून गाठ, मग खांदा, मग उतार. खालून चढणारी तिरकी रेघ इथं नाहीच. पोरं विचारतात, “सर, मग अर्धा आर गेला की हो?” गेला. इथं तो अर्धाच असतो.

आणि इथंच तुमच्या मुलीचं मराठी कामाला येतं. मराठी शाळेतून आल्यामुळं ती मागं पडली असं कुणी म्हणालं असेल तर मनावर घेऊ नका. शेजारी बघून रूप बदलणारं अक्षर तिला दुसरीतच भेटलंय आणि ते नेमकं आपलं ‘र’ आहे. ‘राम’मध्ये र अख्खा. ‘कर्म’मध्ये म च्या डोक्यावर रफार. ‘प्रकाश’मध्ये प च्या पोटात तिरकी रेघ. ‘राष्ट्र’मध्ये ट खाली काकपदासारखा. ‘वाऱ्यावर’मध्ये आडवी मिशी. पाच ठिकाणी पाच रूपं, आणि आपल्या पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. कन्नडमध्येही तेच. ‘र’ आधी उच्चारायचा पण लिहायचा पुढच्या अक्षराच्या मागं, त्याला अर्कावत्तू म्हणतात. ते ती यंदा ना पुढच्या वर्षी शिकेलच.

वर्गात मी फळ्यावर तीन वेळा ‘कर्नाटक’ लिहितो. मराठीत, कन्नडमध्ये आणि कर्सिव्हमध्ये. मग विचारतो, र कुठाय? मराठीत तो ‘ना’च्या कान्यावर चढून बसलाय. कन्नडमध्ये ‘ना’ होऊन गेल्यावर मागून आलाय. इंग्रजीत मात्र रांगेत आपल्या जागी उभा, ‘ए’ आणि ‘एन’च्या मधे. तिन्ही बघितल्यावर एखादं पोरगं म्हणतंच, “इंग्रजीतला शहाणा हाय सर!” शहाणा खरा, पण शेजाऱ्याचा हात धरून उभा आहे, हात सुटला की गेला. याच शब्दात आणखी एक मजा आहे. ‘आर’चा खांदा गोल केला तर त्याचा एक डोंगर आणि पुढच्या ‘एन’चे दोन, असे तीन डोंगर होतात आणि कर्नाटकाचा ‘कामाटका’ होतो. आपल्याकडच्या प्रत्येक पत्त्याच्या शेवटी हा शब्द येतो, म्हणून तो हाताखालून गेलेला बरा.

सराव कसा घ्यायचा ते आता. एकटा ‘आर’ बंद. पूर्ण बंद, दोन आठवडे तरी. वहीत ‘आर’ यायचा तो कुणाचा तरी हात धरूनच.

पहिले दोन-तीन दिवस वहीच नको. ताटात तांदूळ पसरा, खानापूर तालुक्यात तांदळाला काय तोटा! पूर्वी धुळाक्षरं काढत तसं बोटानं ‘ओ-आर’ काढायला सांगा, मोठं, वीतभर. बोट तांदळात राहिलं पाहिजे. दोरी कुठं लोंबते आणि गाठ कुठं बसते हे आधी दंडाला कळलं पाहिजे, बोटांना नंतर कळतं. तुम्ही तिच्यामागं उभ्या राहा, हात धरू नका. पहिल्या दिवशी ती नक्की ‘ओ’ची शेपटी खाली आणेल. रागवू नका, फक्त विचारा, “कपडे मळले का?” स्वतःच पुसून परत काढेल.

मग वही. ‘ओ-आर’, ‘बी-आर’, ‘डब्ल्यू-आर’ या तीन जोड्या. ‘व्ही’नंतर ‘आर’ इंग्रजीत सहसा येतच नाही, त्यावर वेळ घालवू नका. आधी ‘ओ-आर’च घ्या, ती सगळ्यात जास्त लागते. ‘बी’ची शेपटी आखूड असते, तिथं दोरी बांधायला जागाच कमी, म्हणून ‘बी-आर’ सगळ्यात शेवटी. एका ओळीत सहा जोड्या पुरेत. प्रत्येक ओळ झाली की तिलाच तिच्या सहांतली सगळ्यात चांगली कुठली ते विचारा आणि तिच्याखाली पेन्सिलीनं टिंब द्यायला सांगा. चुकीची दाखवू नका, चांगली निवडू द्या. डोळा तयार झाला की हात मागून येतो, उलटं सहसा होत नाही.

जोडी बसली की शब्द. या टप्प्यावर माझा एक लाडका शब्द आहे: ‘बॉर्डर’. आपल्या भागातल्या पोरांनी चौथीपर्यंत हा शब्द किती वेळा ऐकलेला असतो सांगायला नको. पण मी तो त्यासाठी घेत नाही. बी, ओ, आर, डी, ई, आर. सहा अक्षरं, त्यांत दोन ‘आर’. पहिला ‘ओ’च्या दोरीवरून येणारा, दुसरा ‘ई’च्या पायापासून खालून चढणारा. म्हणजे अख्खा आणि अर्धा, दोन्ही रूपं एकाच शब्दात. शिवाय या शब्दात ना टिंब द्यायचं आहे ना ‘टी’ची आडवी रेघ. सुरुवातीपासून शेवटापर्यंत पेन्सिल एकदाही उचलायची नाही. हाच शब्द मराठीत लिहून बघा आणि हात किती वेळा उचलता ते मोजा. काना वेगळा, चंद्र वेगळा, रफार वेगळा, शेवटी शिरोरेघ. माझं दहाच्या पुढं जातं.

या शब्दाला मी डोळे मिटून बसतो. मुलं हसतात. पण पेन्सिलचा आवाज ऐकायचा असतो. न उचलता लिहिलं तर खरखर सलग येते. मधे ‘टक्’ वाजलं की समजायचं, तिथं हात सुटला. बहुतेक वेळा पहिला ‘टक्’ ‘ओ’ आणि ‘आर’च्या मधे वाजतो आणि दुसरा ‘आर’ आणि ‘डी’च्या मधे. ‘डी’चं पोट मागं वळून काढायचं असतं, म्हणून ‘आर’ची शेपटी वर नेऊन तिथून डावीकडं फिरावं लागतं. ते जरा किचकट आहे, पण ‘ओ-आर’ सुटल्यावर आपोआप सुटतं. तुम्ही स्वयंपाकघरात असलात तरी हा आवाज ऐकू येईल. ओट्यापाशी उभं राहून “कुठं उचललीस गं?” असं विचारलंत की पोरीला वाटतं आईला पाठीलाही डोळे आहेत.

रोज किती पानं, असं तुम्ही विचारलंत. अर्धं पान. दहा मिनिटं, घड्याळ लावून. तिसरीच्या मुलाचा हात दहा मिनिटांनंतर दमतो आणि दमलेला हात जे लिहितो तेही पाठ होतं. चार पानांतली पहिली ओळ सगळ्यात चांगली आणि शेवटची सगळ्यात वाईट असते, तुमच्या भरलेल्या वहीत उलटून बघा. रोज वाईट ओळीवर थांबण्यापेक्षा चांगल्या ओळीवर थांबलेलं बरं. शाळेचा गृहपाठ वेगळा, तो या दहा मिनिटांत धरू नका.

आता तीन लिप्यांचं. गोंधळ होतो, पण लोक समजतात तसा नाही. मूल ‘र’ लिहायच्या जागी ‘आर’ लिहीत नाही, ते फार क्वचित घडतं. गोंधळ होतो तो सवयींचा. आपली देवनागरी उभी, वही सरळ. कन्नडही उभी आणि गोल, कन्नडच्या बाई सारख्या म्हणतात “दुंडगे बरी”, गोल लिही. त्यातली गोल करायची सवय घेऊन पोरगी इंग्रजीच्या तासाला आली की ‘आर’चा खांदाही गोल करते. कन्नडमध्ये शाबासकी मिळवणारी गोष्टच इथं ‘एन’ बनवते! तिला हे असं सरळ सांगा. आठ वर्षांच्या मुलाला कळतं की कबड्डीचे नियम खो-खोला चालत नाहीत.

वहीचंही तसंच. इंग्रजीला वही तिरकी हवी. उजव्या हातानं लिहीत असेल तर वहीचा वरचा भाग किंचित डावीकडं, डावखुरी असेल तर उजवीकडं. मराठीला आणि कन्नडला परत सरळ. बहुतेक मुलं तिन्ही विषयांना वही सरळच ठेवतात आणि मग तिरकं अक्षर यावं म्हणून मनगट मुरगाळतात.

सोप्या सवयीही आहेत. मराठीत आपण शब्द पुरा करून शिरोरेघ देतो. कर्सिव्हमध्ये शब्द पुरा करून ‘आय’चं टिंब आणि ‘टी’ची आडवी रेघ. “शिरोरेघेसारखं, शेवटी” एवढं म्हटलं की मराठी शाळेतली मुलं लगेच उचलतात. इंग्रजीतच सुरुवात केलेली मुलं उलट मधेच थांबून टिंब देत बसतात.

थोडं विषयांतर करतो. माझ्या आजोबांच्या पिढीला न उचलता लिहिणं काही परकं नव्हतं. त्यांना मोडी होती. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाची आपल्याकडची कितीतरी जुनी कागदपत्रं मोडीत आहेत. तुमच्याही घरी ट्रंकेत एखादं खरेदीखत असेल. मोडीत शिरोरेघ आधी, पानभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या रेघेखाली बोरूनं किंवा टाकानं अक्षरं एकातून एक काढत जायची. आजोबा लिहायला बसले की हात पुढं सरकतोय एवढंच दिसायचं, वर उचललेला दिसायचा नाही. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण मी कर्सिव्हचा कित्ता गिरवताना ते शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, “हे आमच्यासारखंच की रे, फक्त छप्पर नाही.” मी तेव्हा हसलो होतो. मोडीचे कागद घरात असतील तर पोरीला दाखवा, वाचता नाही आले तरी.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली, शाळेला कुठला ‘आर’ हवा आहे. कर्सिव्हमध्ये दोन ‘आर’ चालतात. एक मी वर सांगितला, गाठ आणि खांद्याचा. दुसरा छापील ‘आर’सारखा: उभी रेघ खाली, तीच परत वर आणि उजवीकडं छोटा हात, आणि तो वरच संपतो. तुमच्या शाळेच्या कित्त्यात दुसरा असेल तर चार वर संपणाऱ्या अक्षरांत ‘आर’ पाचवा होतो आणि दोरी ‘आर’च्या पुढं बांधावी लागते. दोन्ही बरोबर आहेत. पण घरी तुम्ही एक शिकवताय आणि शाळेत बाई दुसरा मागतात असं असेल, तर मग पोरगी कितीही लिहू दे, लाल शेरा येणारच. आधी कित्ता बघा. हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं खरं.

दुसरी, पेन्सिलची पकड. दोन्ही गट वाईट निघाले तर इथं बघा. टोकाच्या अगदी जवळ धरून, अंगठा तर्जनीवर चढवून लिहीत असेल तर गाठ आणि खांदा जमणारच नाहीत, कारण ते काम बोटांच्या पेरांचं आहे आणि पेरं आवळलेली आहेत. पेन्सिल बोटभर वर धरायला लावा. अगदी बुटकी झालेली पेन्सिल फेकून द्या, आपल्याकडं ती संपेपर्यंत वापरायची पद्धत आहे पण अक्षराला ती वाईट. पहिले काही दिवस एचबीपेक्षा मऊ, टू-बी पेन्सिल दिली तर दाब कमी लागतो. आणि कन्नड, मराठी, गणित सगळीकडंच रेघ सोडून वर-खाली जात असेल, वहीवर नाक टेकवून लिहीत असेल, तर अक्षराच्या सरांकडं येण्याआधी डोळे तपासून घ्या.

डावखुरी असेल तर एक जास्तीची गोष्ट. डावखुऱ्या मुलांचा हात लिहिलेल्यावरून पुढं सरकतो, त्यामुळं ‘ओ’ची शेपटी कुठं संपली हे त्यांना दिसतच नाही. हात ओळीच्या खाली ठेवायला शिकवा. त्यांना ‘ओ-आर’ला दोन आठवड्यांऐवजी महिना लागला तर घाबरू नका.

कर्सिव्ह सोडून द्यावं का? शाळेनं मागितलंय तोवर नाही, कारण रोजचा लाल शेरा पोरीला खातो. पण मनात धरून ठेवू नका. पेपर तपासणाऱ्याला अक्षर वाचता आलं की त्याचं काम झालं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांतले बरेच जण आज अर्धं जोडून, अर्धं सुटं लिहितात आणि ते वाचायला सगळ्यात सोपं असतं. ‘ओ’नंतर हात उचलून सुटा ‘आर’ काढणारेही आहेत. मोठेपणी चालतं. आत्ता जोडायला शिकू दे, नंतर काय सोडायचं ते तिचं ती ठरवेल.

दोन आठवड्यांनी एक करा. शाळेच्या बाईंना भेटा आणि वहीतला ‘बॉर्डर’ आणि ‘कर्नाटक’ दाखवा. शेऱ्याबद्दल तक्रार करू नका. फक्त विचारा की बाई, ‘आर सुधारा’च्या ऐवजी ‘ओ आणि आर जोड’ असं लिहाल का? माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षक आनंदानं लिहितात. वर्गात चाळीस पोरं असली की नेमका दोष शोधून द्यायला आईच लागते. आणि त्याच ओळीचा एक फोटो इथंही टाका, पूर्ण हात दिसेल असा, पेन्सिल धरलेला. अक्षरापेक्षा मला तो अंगठा बघायचाय.